नारळाची बावीस मिनिटे

"कोंडजी जमदाड्यांनी या माळावर पहिली विहीर पाडली. कोंडजींचे चिरंजीव येसाजी, त्यांनी त्या विहिरीवर मोट चालवली. येसाजींचे बाळोजी, त्यांनी मोट मोडून इंजिन बसवलं आणि चिंचवाळात द्राक्षाची पहिली काडी लावली. त्या बाळोजींची मी सून. तेव्हा संस्थेच्या यादीत एक नंबर कुणाचा असावा, हे काल आलेल्या मुलीनं मला शिकवू नये."

एवढे बोलून मी पेला उचलला आणि सावकाश पाणी प्यायले. चेअरमनने पाणी पिताना सभेने गप्प बसावे, असा आमच्या संस्थेत अलिखित नियम होता, आणि तो मीच केलेला होता.

समोर प्रणिता शिरतोडे उभी होती. वय सव्वीस, शेतकीची पदवी, संस्थेची सचिव होऊन अवघे दोन महिने झालेले. भिंतीवर तिने आमच्या शिवाराचा नकाशा टाचला होता. त्यावर लाल पेन्सिलीने इतक्या रेघा मारल्या होत्या की पोराने पाटी खराब करावी.

"आक्का, वंशावळ ऐकून बरं वाटलं," ती म्हणाली. "पण डावणीच्या बुरशीला ती वाचता येत नाही."

सभा हसली. मी कुणाकुणाचे दात दिसले ते लक्षात ठेवले.

या गोष्टीला आता अठरा वर्षे झाली. आज माझे वय ब्याऐंशी आहे. माझ्या हट्टाच्या पुष्कळ कथा गावात सांगितल्या जातात, त्यांतल्या निम्म्या खऱ्या आहेत. ही मात्र मी स्वतः सांगते आहे, म्हणजे तीत कुणाला भर घालायला नको.

द्राक्षबागाईतदारांच्या आमच्या सेवा संस्थेचे एकवीस सभासद होते. आधी प्रत्येकाचा आपापला पंप होता. मग सर्वांनी आपले पंप विकले आणि त्या भांडवलातून ट्रॅक्टरमागे ओढायचा एक मोठा ब्लोअर घेतला. त्याची टाकी सहाशे लिटरची. पंख्याच्या वाऱ्याने तो औषधाचे धुके करून वेलीवर फेकतो आणि एका टाकीत एक एकर फवारून होतो. ब्लोअर एक आणि बागा एकवीस, म्हणून पाळी आली. पाळी आली तिथे मान आला. पाळी शेअर नंबराने लागायची. एक नंबर माझा, कारण संस्था माझ्या यजमानांनी काढली. ते गेल्यावर चेअरमनपद माझ्याकडे आले आणि नंबर तर होताच.

प्रत्येक फेरीचा पहिला ब्लोअर माझ्या बागेत यायचा. मी त्याला हळदकुंकू लावायची, आरती ओवाळायची, नारळ फोडायची. मग माझे चार एकर व्हायचे आणि मग ब्लोअर दोन नंबरकडे निघायचा.

"एक नंबर माळावर," प्रणिता नकाशावर बोट ठेवून म्हणाली. "दोन नंबर खाली ओढ्याच्या अलीकडे, चार किलोमीटर. तीन नंबर परत माळावर. चार नंबर पाणंदीच्या पलीकडे. मी आठ दिवस ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून हिंडले, आक्का. घड्याळ लावून. दहा तासांत ब्लोअर फवारतो चार तास. बाकीचे सहा तास तो रस्त्यावर असतो, नाहीतर चहाला. गावदेवाची पालखीसुद्धा इतकी दारं घेत नाही."

"माझ्याकडं बगू नगा," चालक हमीद मुलाणी मागून ओरडला. "रोज तेरा कप चहा. न्हाई म्हटलं की सभासद म्हणतो, आमच्याच दारात तुला जड झालं व्हय? माझं पोट म्हंजे ब्लोअरची दुसरी टाकी झालीया."

"मग तुझा उपाय काय?" मी प्रणिताला विचारले.

"ओढ्यापासून सुरुवात करायची. तिथं ओल जास्त आणि वारा कमी, रोग पहिला तिथंच येतो. मग बांधाला बांध लावून वर चढत यायचं. प्रत्येकानं पाण्याची पिंपं आधीच भरून बांधावर ठेवायची. चहा नाही, हळदकुंकू नाही. दिवसाला अकरा टाक्या होतात, त्या चोवीस होतील."

"म्हणजे सगळ्यांत शेवटी माळ."

"हो."

"माळावर मी."

"तुम्ही हवेशीर जागी आहात, आक्का. तुमची बाग सगळ्यांत उशिरा आजारी पडते."

"जमदाड्यांचं सगळंच उशिरा आजारी पडतं," मी म्हणाले. "तरी औषध आधी घ्यायची आमची रीत आहे."

तेवढ्यात दाराजवळून खोकला आला. तिथे धोंडीतात्या मस्के बसले होते. सत्तरीचा माणूस, बारीक, डोक्याला मळका पटका. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ओढ्याकाठी एक एकर द्राक्ष लावली होती आणि संस्थेत सर्वांच्या शेवटी आले होते. त्यांचा नंबर एकवीस. यंदा त्यांचे पहिले पीक होते.

"वैनी, माझं येवडंच म्हणणं हाय," ते म्हणाले. माझ्या यजमानांचे ते बालमित्र, म्हणून मला वहिनी म्हणत. "माजी पाळी येस्तवर माज्या द्राक्षांचा बेदाणा व्हईल."

"होऊ द्या की तात्या. बेदाण्याला भाव बरा आहे."

"व्हय, पर वेलीवरच वाळला तर पोत्यात कसा भरू?"

पुन्हा हशा झाला. मीही हसले. पण मला तात्यांच्या डोळ्यांकडे पाहवले नाही, आणि त्याचे कारण त्या खोलीत दोघांनाच माहीत होते.

"नंबर आहेत तसेच राहतील," मी सांगितले. "सभा संपली. चहा घेऊन जा."

*

हरायचे कसे, हे प्रणिताला कुणी शिकवलेच नव्हते. छाटणीनंतरच्या पहिल्या फवारणीला ती पहाटेच माझ्या बागेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. हातात वही, मनगटावर पुरुषी घड्याळ.

मी ब्लोअरला कुंकू लावले, अक्षता टाकल्या, आरती ओवाळली. नारळ दगडावर आपटला. तो फुटला नाही. पुन्हा आपटला. मग हमीदने पाना दिला. मग खोबऱ्याचे तुकडे वाटले. मग हमीदला थालीपीठ दिले, कारण उपाशी माणसाने माझ्या बागेत औषध मारलेले मला चालत नसे.

"नारळाला बावीस मिनिटं," प्रणिताने वहीत लिहिले.

"नारळ कडक होता."

"थालीपिठाला अठरा."

"ते मऊ होतं. तुलाही दिलं असतं, पण तू लिहिण्यात होतीस."

तिने वही मिटली आणि थालीपिठाचा उरलेला तुकडा उचलला. खाता खाता म्हणाली, "आक्का, बावीस मिनिटांत एक एकर होतो. तुमचा प्रत्येक नारळ एका माणसाचा एक एकर खातो."

"कुणाचा खातो ते सांग. मी त्याला खोबरं पाठवते."

"यादीत जो शेवटी असतो त्याचा."

मी थालीपिठाचे ताट उचलून आत गेले. ताटात काही शिल्लक नव्हते, तरी ते दोनदा विसळले.

*

नोव्हेंबरच्या मध्याला बागा फुलोऱ्यात आल्या आणि आभाळ फिरले. तीन दिवस पाऊस लागून राहिला. फुलोऱ्यातल्या घडाला तीन दिवस ओल मिळाली की डावणी काय करते, हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. ज्याने पाहिले नाही त्याच्यासाठी सांगते. पानाच्या पाठीवर कापसासारखी पांढरी बुरशी येते आणि एका दिवसात हिरवा घड तपकिरी होऊन झडतो. मग वर्षभर नुसते वेल सांभाळायचे.

चौथ्या दिवशी पहाटे पाऊस थांबला. वारा सुटला, पाने हलली, वाळली. आकाशवाणीने सांगितले, संध्याकाळपासून पुन्हा पाऊस. म्हणजे तो एकच दिवस हाती होता.

सात वाजता हमीद ब्लोअर घेऊन माझ्या फाटकात आला. मी ताट घेऊन तयार होते. एवढ्यात प्रणिताची स्कूटी चिखलातून घसरत आली आणि माझ्या तुळशीच्या कट्ट्याला टेकून थांबली.

"आक्का, आज नको," ती म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. "आज नारळ नको. पाया पडते."

"पाया पडायला आधी स्कूटी नीट लाव. काय झालं?"

"मी पहाटे ओढ्याकाठी जाऊन आले. मस्केतात्यांच्या बागेत पानांवर पांढरं दिसायला लागलंय. घडांवर अजून नाही. तुमच्या यादीनं आज अकरा टाक्या होतील. तुमच्या चार, बाकी सात. आठ जणांच्या बागा वाचतील आणि तेरा जण बघत बसतील."

"आणि तुझ्या यादीनं?"

"चोवीस टाक्या. पंचवीस मिनिटांना एक. पावणेआठला सुरू केलं तर पावणेसहाला संपतं. मी रात्रीच सगळ्यांना निरोप पाठवलेत, पिंपं भरून बांधावर आहेत." तिने नजर तुळशीकडे वळवली. "तुमची परवानगी न घेताच पाठवलेत."

"ते मला कळलंय. माझ्याही बांधावर चार पिंपं कुणीतरी भरून ठेवलीत."

हमीद स्टिअरिंगवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत होता. गावात असा तमाशा तिकिटाशिवाय मिळत नाही.

"माझ्या यादीनं तात्यांची पाळी कधी?" मी विचारले.

"परवा सकाळी."

"आणि तुझ्या?"

"पहिली."

मी माझ्या बागेकडे पाहिले. चार एकर फुलोरा, वाऱ्यावर वास येत होता. असा फुलोरा मला दहा वर्षांत आला नव्हता. पावणेसहाला संपणार म्हणजे शेवटची टाकी माझी. आकाशवाणीची संध्याकाळ किती वाजता सुरू होते, हे आकाशवाणीलाही ठाऊक नसते.

मी ताट प्रणिताच्या हातात दिले. नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसले. चौसष्टाव्या वर्षी मडगार्डवर चढणे शोभते की नाही, हा विचार मी वर बसल्यावर केला.

"हमीद, ओढ्याला चल."

"आक्का, खरंच?" प्रणिता ताट सांभाळत म्हणाली.

"तुझी बडबड मला पटली असं समजू नकोस. ताट सांडू नको, नारळ सोबत घे आणि मागून ये."

*

धोंडीतात्या बांधावर पाठपंप घेऊन उभे होते. पाठीवरच्या त्या पंधरा लिटरच्या डब्याने एकरभर बाग फवारायची म्हणजे वाटीने विहीर उपसायची. पण दुसरे काय करणार? ट्रॅक्टरचा आवाज ऐकून त्यांनी वर पाहिले. मडगार्डवर मी दिसले तेव्हा त्यांनी पटका सारखा केला.

"वैनी, वाट चुकला व्हय?"

"चुकले होते. आता लागली."

तात्यांनी ब्लोअरच्या टाकीभोवती एक फेरी मारली आणि हमीदला विचारले, "हमीदभाई, ह्या टाकीत पिंपं किती मावत्यात?"

"दोनशे लिटरची तीन."

"बरोब्बर तीन?"

"मोजून तीन, तात्या. का?"

"आसंच." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पंप पाठीवरून उतरवला.

हमीदने टाकी भरली, औषध कालवले. प्रणिताने घड्याळ पाहिले. सात सेहेचाळीस. हमीद इंजिनची चावी फिरवणार, तोच तात्यांनी हात वर केला.

"थांबा. नारळ कुटं हाय?"

"तात्या, आज नारळ नको," प्रणिता म्हणाली.

"पोरी, तू शिकलेली हायस, म्हनून सांगतो. तीन वर्सं माजी पाळी शेवटची. शेवटच्याला नारळ नसतो, त्याला टाकीच्या बुडातला गाळ असतो. आज पयली टाकी माज्या दारात आलीया. आज मी ववाळनार."

प्रणिताने माझ्याकडे पाहिले. तिला वाटले मी त्यांना दटावीन. मी ताट तात्यांच्या हातात दिले.

त्यांनी हळद शोधली, ती ओली झाली होती. काडेपेटी शोधली, ती सादळली होती. घरात जाऊन चुलीतला निखारा आणला आणि वात पेटवली. ती वाऱ्याने विझली, पुन्हा पेटवली. आरती ओवाळताना त्यांनी डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडले नाहीत. त्यांच्या पत्नी सरजावहिनी जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. नवऱ्याने नवी बाग लावलेली त्यांनी पाहिली नव्हती. नारळ मात्र पहिल्या फटक्यात फुटला, आणि तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "वैनी, नारळ कडक नसतोय. मनगट पायजे."

ब्लोअर सुरू झाला तेव्हा आठ वाजून आठ मिनिटे झाली होती. प्रणिताने वहीत काही लिहिले नाही. तिने घड्याळच बाहीखाली ढकलले.

*

त्या दिवशी चिंचवाळाने जे केले ते पुन्हा सहसा केले नाही. कुणी चहा दिला नाही. हमीद दुपारी दोनदा म्हणाला, "आक्का, चहावाचून डोळ्यांफुडं अंधारी आली," तरी दिला नाही. बांधाला बांध लावून ब्लोअर वर सरकत होता. प्रणिता पुढे पळत जाऊन पिंपांची झाकणे काढून ठेवायची. दोन नंबरचे दादू खराडे एरवी माझ्याहून अधिक मानाचे भुकेले. ते आपल्या बांधावर हात जोडून म्हणाले, "आक्का, आमचा दुसरा मान?"

"दादू, आज तुमचा सातवा मान आहे," मी म्हणाले. "घ्या आणि बाजूला व्हा."

मीही दिवसभर ट्रॅक्टरबरोबर होते. कुणी काष्ट्याकडे पाहून हसले, त्यांना हसू दिले.

साडेचारच्या सुमाराला ब्लोअर माझ्या बागेत शिरला. पहिला एकर झाला. दुसरा झाला. पश्चिमेकडून आभाळ काळे होऊन आले. तिसरा एकर संपत होता तेव्हा माझ्या हातावर पहिला थेंब पडला. हमीदने वळण घेतले, टाकी भरून घेतली आणि चौथ्या एकराच्या तोंडाशी थांबला. पाऊस टपटपू लागला होता.

"आक्का, मारू का?"

"पावसात औषध मारणं म्हणजे ओढ्याला औषध पाजणं. बंद कर."

इंजिन बंद झाले आणि पानांवर पडणारा पाऊस ऐकू येऊ लागला. प्रणिता माझ्याजवळ उभी होती. केस कपाळाला चिकटले होते. तिने बाही वर करून घड्याळ पाहिले.

"बावीस मिनिटं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आक्का, बावीसच मिनिटं कमी पडली. सकाळच्या नारळाची. मी अडवायला हवं होतं."

"अडवलं असतंस तर मी तुला ओढ्यात ढकललं असतं."

मागून कुणाची तरी पावले वाजली. धोंडीतात्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ओढ्यापासून चालत आले होते. त्यांनी उभा ब्लोअर पाहिला, कोरडा राहिलेला एकर भिजताना पाहिला, आणि त्यांना सगळे कळले.

"माज्या आरतीनं घात केला," ते म्हणाले. "वैनी, मला म्हातारचळ लागला."

"तात्या, गप्प उभे राहा. या मुलीला एक गोष्ट सांगायची आहे."

"ऱ्हाऊ द्या की, वैनी. तीस वर्सं न्हाई सांगितली."

"म्हणूनच." मी प्रणिताकडे वळले. "मी चौतीस वर्षांची होते. यजमान मिरजेला दवाखान्यात, पोट फाडलेलं. बाग एक एकर, अशीच फुलोऱ्यात आणि असाच पाऊस होऊन गेलेला. उघडीप एका दिवसाची. माझ्या पायपंपाचा वायसर फाटला होता आणि गावात प्रत्येक जण आपापल्या बागेत. तेव्हा हे तात्या आणि यांची सरजा आपला पंप घेऊन माझ्या बांधावर आले. यांचीही बाग होती, एक एकर, ओढ्याकाठी, आज आहे त्याच जागी. हे म्हणाले, वैनीचं आधी करू, दुपारनंतर आपलं. सरजानं पायानं पंप हाणला, यांनी फवारलं. मोरचुदाची तीन पिंपं. सरजाचे हात आठ दिवस निळे होते."

"आणि दुपारनंतर?" प्रणिताने विचारले.

"दुपारनंतर पाऊस आला."

तात्या पोत्याच्या खोळीत तोंड घालून उभे होते.

"यांची बाग गेली. त्या उन्हाळ्यात यांनी वेल उपटले आणि सरपण केलं. दोन वर्षांनी संस्था निघाली तेव्हा बागच नव्हती, तर शेअर कुठला? आमचे हे एक नंबर झाले ते यांनी वाचवलेल्या बागेच्या जोरावर. मी सरजाला एक साडी नेली. चांगली इरकल. तिनं परत पाठवली. म्हणाली, 'वैनी, पिंपाला पिंप फिटतं, एकराला एकर. साडीनं न्हाई फिटत.' मला राग आला. जमदाड्यांची साडी परत आली होती ना! त्या रागात मी तीस वर्षं काढली. तीन वर्षांपूर्वी हे संस्थेत आले तेव्हा मी चेअरमन होते. माझ्या हातानं मी यांना एकवीस नंबर दिला. नियम म्हणजे नियम, म्हणाले."

प्रणिताने कपाळावरचे ओले केस मागे सारले. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझी यादी तुम्हाला पटलीच नव्हती?"

"यादी पटली होती. सभेतच पटली होती. पण ती पहिल्यांदा तूच मांडलीस, एवढाच तिचा दोष होता. उद्यापासून ती लाव. नंबर कागदावर राहू देत, ब्लोअर शिवारानं फिरेल."

मग मी तात्यांकडे वळले. विचारायची मला सवय नाही, सांगायची आहे. तरी विचारले.

"तात्या, पिंपाला पिंप सकाळी झालं. एकर राहिला होता, तो हा. पावसानंच नेला, तुमच्यासारखाच. आता फिटलं का?"

तात्यांनी खोळ मागे सारली. पाऊस त्यांच्या तोंडावर पडू दिला. ते माझ्या चौथ्या एकराच्या कडेने चालू लागले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेका ओळीवर बोट दाखवत. चिखलात त्यांची पायताणे रुतत होती. आम्ही तिघे उभे राहून बघत होतो. हमीद कुजबुजला, "आक्का, म्हातारा काय करतोय?"

"मोजतोय," मी म्हणाले. "सरजा असती तर तिनंच मोजलं असतं."

तात्या परत आले.

"सव्वीस ओळी हायत, वैनी."

"मग?"

"आमच्या चोवीसच हुत्या."

"दोन व्याजाच्या."

त्यांच्या ओल्या मिशा हलल्या. मग ते हसू लागले. सरजा गेल्यापासून त्या माणसाला असे हसताना मी पाहिले नव्हते. पोत्याची खोळ त्यांनी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली. मी ती काढून दिली नाही.

"मग फिटलं," धोंडीतात्या म्हणाले. "सगळं फिटलं, वैनी."